चढावरची शिट्टी

माझ्या सासूबाईंना तोंडाने गाडीचे आवाज काढता येतात. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातून फाटक्या सायलेन्सरचा आवाज आला म्हणून मी धावले, तर बाई ओट्याशी उभ्या राहून गॅरेजवाल्या उस्तादांना फोनवर ‘फट्-फट्-फुर्र’ करून दाखवत होत्या. उस्तादांनी तिकडून बिघाड बरोब्बर ओळखला. इकडे दूध उतू गेलं.

सासरे गेल्यापासून त्या टॅक्सी चालवतात. माझा नवरा त्याच टॅक्सीच्या मागच्या सीटवर झोपून लहानाचा मोठा झाला. आख्खं गाव त्यांना पायलटबाई म्हणतं. त्या ‘काहीतरीच तुमचं’ म्हणतात, पण आवडतं त्यांना.

मागच्या महिन्यात गाडीचं सर्व्हिसिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्या तणतणत घरी आल्या. गाडीला दम लागतोय म्हणे. पाण्याच्या टाकीचा चढ लागला की कितीही ॲक्सिलरेटर दाबा, ओढत नाही, आणि वर शिट्टी मारते. मग ती शिट्टी त्यांनी आम्हाला काढून दाखवली. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

उस्तादांनी गाडी घेऊन गॅरेजभोवती एक चक्कर मारली, काही नाही. प्लग काढून पाहिले, पुन्हा चक्कर मारली, तरी काही नाही. शेवटी त्या भल्या माणसाने खाली बघत सांगितलं की ताई, गाडी ठणठणीत आहे, एकदा कान तपासून घ्या.

माझ्या नवऱ्याला हेच हवं होतं. आईने आता घरी बसावं हे त्याने केव्हाचं डोक्यात घेतलेलं. माणूस सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्या दिवसांत तर तो माझ्याही मागे लागला होता. त्याचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा, कॉलेजपासूनचा, गुडघ्याला खिडकी पडलेला, दोरीवरून नाहीसा झाला होता, आणि तो मीच फेकला असं त्याचं ठाम मत होतं. ‘वाऱ्याने गेला असेल,’ सासूबाई भाजी निवडत म्हणायच्या.

तर तो म्हणाला, गाडीत दोष नाही म्हणजे तुझ्या कानात आहे, नाहीतर पायात. किल्ली दे. सासूबाईंनी रविवारपर्यंत मुदत मागितली. तोवर दोष सापडला नाही, तर किल्ली त्याच्या हातावर ठेवणार. त्यानंतर रोज सकाळी त्या गाडीची पुसलेली काच पुन्हा पुसत बसायच्या. ही बाई घरी बसली तर महिनाभरात म्हातारी होईल, हे मला दिसत होतं आणि पोटच्या पोराला दिसत नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं गॅरेजवर गेलो. उस्ताद पुन्हा एकटेच गाडीत बसायला लागले, आणि माझं डोकंच फिरलं.

“उस्ताद, आई काय रिकामी टॅक्सी फिरवतात? चार माणसं, सामान आणि तो चढ. तुम्ही एकटे, सपाट रस्त्यावर. शिट्टी मारायला गाडीला वेड लागलंय?”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुपचूप गॅरेजमधल्या जुन्या बॅटऱ्या उचलून डिकीत भरल्या. गाडी ते चालवायला बसले, शेजारी सासूबाई, मागे आम्ही नवरा-बायको, मधे भंगाराचं पोतं. चढाच्या मध्यावर गाडी रडकुंडीला आली आणि मग आली ती शिट्टी. अगदी तीच. सासूबाईंनी लगेच तोंडाने सूर लावला, आणि दोन्हींत काडीचा फरक नव्हता. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

उस्तादांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं, आत हात घातला आणि त्यांचा चेहराच उतरला. पाइपच्या तोंडातून त्यांनी कापडाचा बोळा ओढून काढला. फिल्टर साफ करताना पाइपमधे एखादा नट पडू नये म्हणून ते नेहमी असा बोळा कोंबतात. या वेळी तो काढायचाच राहिला. सपाट रस्त्यावर बोळ्याच्या कडेने जाणारी हवा इंजिनाला पुरायची, चढावर ते गुदमरायचं आणि त्या फटीतून ओढलेली हवा शिट्टी मारायची.

“ताई, कान माझेच तपासायला हवेत,” उस्ताद ओशाळून म्हणाले.

नवऱ्याने तो बोळा हातात घेऊन उलगडला. निळे पट्टे.

“ताईच आणून देतात,” उस्ताद भाबडेपणाने म्हणाले. “मऊ सुती असतं, फार उपयोगी.”

सासूबाई पाण्याच्या टाकीकडे बघायला लागल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून इतकी हसले की पोट दुखलं.

नवऱ्याने त्या चिंधीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. तोही हसायला लागला. त्याने गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

“चालव तू. पण माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही.”

आम्ही पुन्हा गाडीत बसलो. आता स्टेअरिंगवर सासूबाई. तेवढं सगळं वजन घेऊन गाडी अशी सुटली की मागे आम्ही सीटला चिकटलो. टाकी जवळ आली आणि एकदम पुन्हा तीच शिट्टी.

उस्ताद पांढरेफटक पडले. मी आरशात पाहिलं, तर सासूबाईंचे ओठ गोल होते.