फ्लेमिंगो कशावर उभे होते?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण आमच्या भागातली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का?

कर्जत तालुक्यात भीमेकाठी आमचं गाव. समोर उजनी धरणाचा फुगवटा... समुद्रच म्हणा. त्यात माझी बोट. दहा माणसांची, फायबरची, वर ताडपत्री. पण फलकावर मी ‘आयलंड एक्सपिडिशन क्रूझ’ असं रंगवून घेतलंय. पाणी उतरलं की मधे दोन-तीन बेटं उघडी पडतात आणि पक्षी बघायला पुण्या-नगरची माणसं येतात. त्यांना मी साध्या बगळ्याचा सैबेरियापासूनचा प्रवास स्टेशनांसकट सांगतो. एकदा तर लाकडाचा ओंडका मगर म्हणून खपवला!

हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं खरं आहे.

माझी धाकटी बहीण सुरेखा. तिचा नवरा सोपान मासेमारी करायचा. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात जाळी काढायला गेला. बोट पालथी सापडली, सोपान नाही. पाणबुडे आठ दिवस शोधून थकले. अग्नी नाही, दहावा नाही... सुरेखा अजून रोज कुंकू लावते.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे साडेआठ. बोटीत मी आणि नगरचे जोसेफ सर — निवृत्त शिक्षक, दिसेल तो पक्षी वहीत लिहिणारे. बेटाला वळसा घातला आणि जिथं सोपानची बोट सापडली होती, नेमके तिथंच फ्लेमिंगो दिसले. तीसेक असतील. (एरवी मी तीनशे म्हणालो असतो.) गुडघाभर पाण्यात उभे.

तिथं नदीचं जुनं पात्र आहे. हत्तीवर हत्ती उभा केला तरी वरच्याची सोंड भिजेल.

इंजिन बंद केलं. बोट सरकत सरकत त्यांच्यात गेली, तरी एकही उडेना. वीस फुटी बांबू पाण्यात सोडला. मूठ बुडाली, खांद्यापर्यंत हात बुडाला, तळ लागेना. आणि बांबूपासून हातभर अंतरावर एक पक्षी एका पायावर उभा! बोटीनं पाणी हिंदकळलं, तो तसूभर हलला नाही. एकही चरत नव्हता. सगळ्यांची तोंडं मधल्या मोकळ्या पाण्याकडे.

मग सगळे एकदम उडाले.

सरांचा डोळा सगळा वेळ कॅमेऱ्यात. बांबूचं सांगितलं तर म्हणाले, “दत्तू, फ्लेमिंगो पोहतात रे. आणि तुझ्या त्या मगरीचं काय झालं?” फोटो झकास आलेत. पण फोटोत पक्षी दिसतात, खोली दिसत नाही. तिला साक्षीदार एकटा मी... आणि मी हा असा.

पुन्हा पाणबुडे पाठवा म्हणून एका कचेरीत गेलो. साहेबांनी चहा पाजला आणि गोष्ट परत पहिल्यापासून सांगायला लावली, शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशी. मग महिनाभर मीच गळ टाकत बसलो. नुसतं शेवाळ वर आलं. पक्षी तिथं पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

शेवटी सुरेखाला सांगितलं. ती सोपानचं फाटकं जाळं सांधत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

“दादा, ह्ये तिथं असतील, तर इंदापूरच्या स्टँडवर तुला कोन दिसलं हुतं?”

हे तुम्हाला सांगायचं टाळत होतो. शोध चालू असताना तिनं अन्नपाणी सोडलं होतं. सहाव्या दिवशी मी म्हणालो — सोपान दिसला, एसटीत चढला, हाक मारेस्तोवर गाडी सुटली. त्यावर तिनं अर्धी भाकरी खाल्ली. तेवढ्यासाठीच ती थाप होती.

मी तिचे पाय धरले. ते खोटं होतं, सोपान त्या पाण्यातच आहे, म्हणालो.

तिनं पाय मागे घेतले. “न्हाई दादा. तवा तू रडत रडत सांगितलं हुतंस. थापा मारताना तू कवा रडत न्हाईस.”

आणि जाळ्याची पुढची गाठ मारली.

ते पक्षी कशावर उभे होते, मला आजही सांगता येत नाही. एरवी एखादं कारण रचायला मला विडी पेटवण्याइतकाही वेळ लागत नाही. याला एकही सुचलेलं नाही.