एका बाहीपुरता रंग

मला विणता येतं, ही बातमी मला पाहुण्यांसमोर बसल्यावर कळली.

नांदेडची माणसं आमच्या लातूरच्या घरी मला बघायला आली होती. मुलगा, त्याची आई आणि लग्न जुळवणारे एक मामा. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईची नजर दारावरच्या लोकरीच्या तोरणावरून निघाली, रेडिओवरच्या विणलेल्या झाकणावर थांबली आणि तिथून खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या रुमालावर गेली. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ती नजर बरोब्बर पकडली. सकाळीच पूजा करून उठलेले, कपाळावर ताजी विभूती, आणि त्या विभूतीखालून त्यांनी सांगून टाकलं, "हे समदं हिच्याच हातचं हाय."

तोरण शेजारच्या काकूंचं होतं. झाकण काकूंचं होतं. रुमालही काकूंचाच, आणि खुर्चीसुद्धा. आमच्या गल्लीत मुलगी दाखवायची असली की काकूंचं तोरण त्या घरी मुक्कामाला जायचं. त्याच्याखाली तोवर चार लग्नं जमली होती, त्यामुळे ते गुणाचं मानलं जाई.

मुलाची आई नांदेडच्या एका शाळेत मुलींना शिवण-विणकाम शिकवायची, हे आम्हाला ती उठताना कळलं.

"तोरणाची वीण कोणती गं ही?" तिनं विचारलं.

मी खाली मान घातली. त्या काळी मुलीनं खाली मान घातली की सगळ्या प्रश्नांचं उत्तर मिळाल्यासारखं होई. ती माझ्या मानेकडे बघत राहिली.

आता खरं सांगायचं तर मला ते स्थळ हवं होतं. मुलगा काडीसारखा होता, पण त्यानं मला एकच प्रश्न विचारला, पुढं शिकायचं आहे का. नांदेडला शिक्षिकांचं कॉलेज आहे, जूनमध्ये फॉर्म निघतात, असंही म्हणाला. तोपर्यंत मला स्वयंपाक, वय आणि उंची सोडून कुणी काही विचारलं नव्हतं. दुसरीकडे चाकूरचं एक पेंडीच्या दुकानाचं स्थळ उंबऱ्याशी बसूनच होतं. त्यांचा निरोप दर आठवड्याला यायचा: पोरगी शिकली तेवढी बास. नांदेड हुकलं तर चाकूर, एवढाच माझ्या आयुष्याचा नकाशा होता.

पंधरा दिवसांनी मध्यस्थ मामा एक पिशवी घेऊन आले. तिच्यात डाळिंबी रंगाच्या लोकरीच्या आठ लडी आणि एक चिठ्ठी. मुलाचं माप दिलं होतं. दिवाळीच्या आत स्वेटर विणून मुलीनं स्वतः घेऊन यावं, मग पानसुपारीचं बोलू.

आप्पा चिठ्ठी वाचून म्हणाले, "बघा, पसंत हाय."

आई म्हणाली, "तुमचं तोंड पसंत पडलंय त्यांना. आता विणा तुम्हीच."

मी पिशवी उचलून काकूंकडे गेले आणि त्यांच्या पायाशी बसले. काकूंनी लडी हातात घेतली, गालाला लावली, परत ठेवली.

"मी आठ दिवसांत विणून दीन," त्या म्हणाल्या. "पर ती बाई तिथं तुझ्या हातात सुया दील, तवा मला पोस्टानं बोलावशील का? बस. शिक."

मग शिकले. काय शिकले ते विचारू नका. वीतभर विणायचं, काकूंनी बघायचं, एक टोक धरून सर्रकन उसवायचं. पंधरा दिवसांत मी एक पाठ सात वेळा विणली. काकू म्हणत, "टाके इतके घट्ट कशाला घालतीस? पळून जायलेत का ते?" मला वाटे, घट्ट म्हणजे चांगलं.

आणि त्यातच पोळा आला.

त्या साली पाऊस नव्हता. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. पाट्या नव्या होत्या, साहेब नवे होते, साहेबांच्या गाड्या नव्या होत्या आणि आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. मुरुडजवळ आमचं थोडं शेत होतं. तिथले दोन्ही बैल चारा छावणीत नेऊन बांधले होते. आप्पा म्हणाले, औंदा गोंडे-बिंडे काही नाही, बैल जगले हाच पोळा. मी लहानपणापासून त्या बैलांना गोंडे बांधत आले होते. मला ते बघवेना. मी आठ लडींकडे पाहिलं, मुलाची छाती आठवली आणि मनाशी ठरवलं की एवढ्याशा माणसाला सात लडी पुष्कळ. एक लड चार-चार बोटांचे तुकडे करून कापली, दोन झकास गोंडे केले आणि आप्पांसोबत छावणीत जाऊन बैलांच्या शिंगांना बांधून आले. शेजारच्या दावणीच्या बैलानं त्यातला एक संध्याकाळपर्यंत खाऊनही टाकला. त्याचंही काही चुकलं नाही. तोसुद्धा उपाशीच होता.

दसऱ्याला पाठ झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. आणि लोकर संपली.

मी पिशवी उलटी करून झटकली. काकूंनी बसल्या जागी निदान केलं. "घट्ट विणलं की लोकर जास्त खातं. आठ असत्या तर कसंबसं भागलं असतं. आठवी कुठाय?"

"बैलाच्या पोटात," मी म्हणाले आणि तिथंच रडायला बसले.

त्यानंतरचे आठ दिवस मी गंजगोलाईतलं एकेक दुकान पालथं घातलं. नव्या जिल्ह्यात सगळं मिळतं असं दुकानदार सांगत, पण डाळिंबी लोकर मिळत नव्हती. गुलाबी होती, शेंदरी होती, आणि पांढरी ढिगानं होती. पांढऱ्या लडीकडे बघता बघता समोरच्या हलवायाच्या दुकानात लाल बर्फी दिसली आणि डोक्यात उजेड पडला. बर्फीला जो रंग लागतो तो लोकरीला का लागू नये?

हलवायाच्या कढईखाली जाळ नव्हता. दुष्काळात गोड कोण घेणार. मी लाल रंगाची पुडी मागितली.

"कितीची बर्फी करायलीस बाई?"

"एका बाहीची."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, पुडी दिली आणि गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून हिरव्या रंगाची चिमूट आणि पाकात टाकायचं लिंबूफूलही बांधून दिलं. "वेळेला कामी येतंय," म्हणाला.

पहिला प्रयोग पातेलंभर पाण्यात झाला. रंग उकळला, लोकर उकळली, मी देवाचं नाव घेतलं. बाहेर काढली तेव्हा लड लालबुंद. तांब्याभर पाण्यात हिसळली आणि सगळा लाल पाण्यात जाऊन लड पहिल्यासारखी पांढरीशुभ्र. दुसऱ्यांदा मीठ टाकलं. तिसऱ्यांदा तुरटी. दर वेळी लड निर्विकार, जणू ती मला ओळखतच नव्हती.

आई न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती. "चार दिवस आंघोळ न्हाई घरात कुणाला," ती म्हणाली, "आन् हिची लोकर तीनदा न्हाली."

काकूंनी त्या लडीचा धागा तोडून पेटत्या काडीला लावला. धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. मग त्यांनी नांदेडच्या स्वेटरचं टोक जाळलं. केस जळाल्याचा वास आला, राख झाली.

"ही खरी लोकर. आन् ही दुकानातली लोकरच न्हाई," काकू म्हणाल्या. "ही नायलॉनची बहीण. हिला मेंढराचं तोंडसुद्धा म्हाईत न्हाई. रंग कशाला धरतीय?"

दिवाळीला बारा दिवस उरले होते आणि चाकूरचा निरोप त्याच दिवशी परत आला. आप्पा या वेळी 'बघू' म्हणाले. एरवी ते 'नाही' म्हणत. मी तो 'बघू' रात्रभर ऐकत पडले.

दुसऱ्या दिवशी आप्पा छावणीत पेंड घेऊन निघाले, मी मागं लागले. छावणीच्या पलीकडे धनगरांची मेंढरं उतरली होती. एक धनगरीण चालता चालताच चातीवर सूत काढत होती. मी तिला म्हणाले, मावशी, पांढरी लोकर पाहिजे, मऊ.

"आमची मेंढरं काळी हायत, दिसत न्हाई का?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघून विरघळली असावी. "जावळ हाय थोडं. पांढऱ्या कोकराचं, पयल्या कातरणीचं. सूत काढून ठेवलंय. तू काय दीशील?"

माझ्याकडे काही नव्हतं. तिनं आमच्या बैलाकडे बोट केलं. शिंगाला उरलेला एक डाळिंबी गोंडा धुळीत माखून लोंबत होता.

"त्यो दे. माझ्या एडक्याला शोभंल."

अशा रीतीनं नांदेडच्या आठव्या लडीच्या उरल्यासुरल्या अर्ध्या भागाच्या बदल्यात मला एका कोकराचं जावळ मिळालं.

घरी येऊन त्यातला हातभर धागा वाटीत उकळून बघितला. मीठ आणि तुरटी हरली होती, तेव्हा वैतागून हलवायाचं लिंबूफूल टाकलं. आणि समोर जे झालं ते मी आजही हातवारे करून सांगते. वाटीतला लाल हळूहळू धाग्यात चढला आणि पाणी नितळ झालं. खाली वाटीचं बूड दिसायला लागलं. मी आईला हाक मारली. आईनं धाग्याकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "पाणी तुळशीला घाल."

पण रंग फिका होता, डाळिंबी नव्हता. इथं मला हाव सुटली. सगळं जावळ पातेल्यात घातलं, उरलेली सगळी पुडी रिकामी केली, वरून हिरवी चिमूट टाकली. रंग गडद झाला, थेट नांदेडचा झाला. काकूंनी स्वेटरशेजारी धरून बघितला आणि हसल्या. पातेल्यातलं पाणी मात्र लालच राहिलं होतं.

"जास्तीचा रंग सूत धरंना गेलाय. चार पाणी काढ याचं," त्यांनी बजावलं, "न्हाईतर जाईल तिथं सांडत बसंल."

चार पाणी. त्या आठवड्यात टँकर आलाच नाही. आईनं एक तांब्या दिला आणि घागरीवर हात ठेवून उभी राहिली. मी एकच पाणी काढलं, तेही रक्तासारखं निघालं. लड दोरीवर टाकली, वाळवली आणि डावी बाही विणली. ती जाडसर झाली, हाताला टोचायची. पण रंग जुळला होता.

दिवाळीच्या चार दिवस आधी आप्पा आणि मी नांदेडच्या एसटीत बसलो. ऊन असं होतं की सीटला पाठ टेकवत नव्हती. स्वेटर मी मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी, सुटू नये म्हणून. लोह्यापर्यंत मी फक्त एकच विचार करत होते, डावी बाही टोचते हे कसं लपवायचं. लोह्याला चहा आला. कप घ्यायला हात पुढं केला आणि बघते तर दोन्ही तळवे लालभडक. घामानं रंग सोडला होता. पोलक्यावर डाग, पदरावर डाग. मी थुंकीनं पुसलं, पदरानं घासलं, ते आणखी पसरलं. आप्पांनी हातांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "मुठी मिटून बस."

नांदेडला त्यांच्या दारात मी मुठी मिटून उभी राहिले. मुलाच्या आईनं स्वेटर मागितला. मुठी उघडल्याशिवाय तो देता येईना.

तिनं तळवे पाहिले. "मेंदी लावूनच आलीस?" ती म्हणाली. "आमचा होकार कळायच्या आधीच?"

आप्पा पुढं झाले. "विहीणबाई, त्याचं असं झालं..."

"विहीण अजून झाले नाही मी. तिला बोलू द्या."

आप्पांनी कपाळावरची विभूती नीट केली. ते आता तोरणापेक्षा मोठं काहीतरी सांगणार, हे मला दिसलं. मी त्यांच्या आधी बोलले. तोरण काकूंचं, झाकण काकूंचं, पाठ सात वेळा उसवली, आठवी लड बैलाला, बाही कोकराच्या जावळाची आणि रंग बर्फीचा. बोलताना मी कुणाकडे बघितलं नाही. आप्पा एसटीच्या वेळापत्रकाचा विचार करत असावेत.

ती स्वेटर घेऊन मोरीत गेली. नळ सोडला. नळाला पाणी होतं, धो धो, आणि मी क्षणभर आपण कशासाठी आलोय हेच विसरले. तिनं डावी बाही बादलीत बुडवली. पाणी लाल. ओतलं. दुसरं पाणी लाल. तिसरं गुलाबी. ओतलेलं प्रत्येक पाणी जाताना बघून मी मनात तांबे मोजत होते. चौथं पाणी नितळ आलं. बाही तिनं उजेडात धरली. ती डाळिंबीच होती.

"चार पाणी काढायची होती," ती म्हणाली.

"पाणी नव्हतं."

तिनं मान हलवली. मग आतून सुया आणि पांढऱ्या लोकरीचा गुंडा आणून माझ्या मांडीवर टाकला. काकू बोलल्या होत्या तसंच. मी टाके घातले. लाल बोटांचे ठसे पांढऱ्या लोकरीवर उमटत गेले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मुलगा दारात येऊन उभा होता, आणि हात उगाच खाजवत होता, जणू बाही आधीच घातली आहे. पाचव्या ओळीला त्याच्या आईनं माझ्या हातांवर हात ठेवला.

"सैल घाल. लोकर तुला म्हणून कमी पडली."

मग आप्पांकडे वळून म्हणाली, "दुष्काळ आहे, लग्नात माणसं थोडी सांगा. आणि रुखवतात उसनं काही मांडू नका."

पुढच्या जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म तिनंच आणून दिला, पण त्याआधी माघात लग्न झालं. रुखवताच्या टेबलावर मी एकच वस्तू मांडली, सुया खोचलेला डाळिंबी जावळाचा उरलेला गुंडा. नांदेडच्या पाहुण्या बायका एकेक करून आल्या, प्रत्येकीनं तो उचलून दाबून पाहिला, एकमेकींना दाखवला. संध्याकाळी पंगतीत पाहिलं तर निम्म्या वऱ्हाडाची बोटं लाल होती. गुंड्याची उरलेली तीन पाणी मी काढली नव्हती. लातुरात पाणी कुठं होतं.