फोटोभोवतीचा मजकूर

आमचे हे घरचा रस्ता विसरून कुठेतरी निघून गेले, त्याची पत्रकं छापायला मी नाक्यावरच्या दुकानात बसले होते. दुकानातल्या बाईने संगणकावर यांचा फोटो कागदाच्या मधोमध ठेवला, तशी अक्षरं बाजूला सरली आणि फोटोला वळसा घालून पुढे गेली. मी बोट लावून वाचते. ओळ फोटोपाशी तुटायची आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायची. घरात तसंच चाललंय. यांची खाट मध्ये आहे. आम्ही तिला वळसा घालून झाडतो, जेवतो, बोलतो. खाटेवर कुणी नाही.

"अगं, मधोमध फोटो मेलेल्यांचा लावतात. कडेला घे," मी म्हटलं. "आणि मोठा कर. जाणाऱ्या-येणाऱ्याला तोंड दिसलं पाहिजे."

तिने मोठा केला. मजकूर खाली ढकलला गेला आणि फोन नंबर कागदाबाहेर पडला.

"आजी, एक ओळ काढावी लागेल. निळा शर्ट काढू, की डाव्या पायाने लंगडतात ते?"

"दोन्ही राहू दे. 'घरचे वाट पाहत आहेत' ते काढ. त्यावरून त्यांना कोण ओळखणार आहे?"