रिक्षामागची माहेरची कृपा

शुद्धलेखन माझं चुकतं आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे मी रेडियमच्या मागच्या कागदावर लिहिते आहे. अक्षरं गाडीला चिकटवली की हा कागद उरतो. एका बाजूवर पेन घसरतं, दुसरीवर चालतं. दुकानात गोणीभर जमतो, म्हणून घरी आणते. वाचायला कोणी नाही, तेच बरं.

उल्हासनगरला एका सेठच्या दुकानात मी कामाला आहे. रेडियम म्हणजे गाड्यांवर लावायची चिकट अक्षरं आणि चित्रं. मशीन ती कापून देतं. पहिली दोन वर्षं मी नुसती कापलेल्या अक्षरांमधला फालतू भाग सुईने काढत बसायची. मग सेठने लावायला शिकवलं. वहीत माझी ओळ कधी सरळ आली नाही, पण गाडीवर लावलेली कधी वाकडी गेली नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची मला लाज वाटते. बोलायचं ते सेठ बोलतो, मी खाली बसून चिकटवते.

गाडीचा पत्रा गुळगुळीत असतो. त्यावर साबणाचं पाणी मारायचं, अक्षर सरकवून जागेवर आणायचं, पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं. खडबडीत प्लास्टिकचं तसं नाही. रिक्षाचा मागचा काळा बंपर घ्या, नाहीतर स्कूटरचा पायाजवळचा भाग. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे असतात. तिथे पाणी खळग्यांत बसून राहतं आणि संध्याकाळपर्यंत अक्षराचे कोपरे उभे राहतात. म्हणून कोरडंच लावायचं. थिनरने पुसायचं, गरम हवा मारायची, रेडियम मऊ पडलं की अंगठ्याला फडकं गुंडाळून एकेका खळग्यात दाबत जायचं. अंगठा भाजतो. पण दाबलं नाही तर अक्षर नुसतं दाण्यांच्या टोकांवर टेकून राहतं, खाली सगळं पोकळ. खडबडीत काम आलं की सेठ मलाच हाक मारतो.

आता माझ्या जावेबद्दल. ती धाकट्या दिराची बायको. बदलापूर गावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत. ती गोरी आहे, बोलकी आहे, कुठेही गेली की पाच मिनिटांत तिला बसायला खुर्ची मिळते. सासूबाईंना तिच्याच हातचा चहा लागतो. मी केला तर साखर कमी लागते. एकदा दोघींच्या चहाची साखर मी लपून बघितली. तेवढीच होती.

दिराला रिक्षा घ्यायची होती तेव्हा पहिल्या भरण्याला तीस हजार कमी पडत होते. नेमकी माझी भिशी लागली होती. मला कानातले करायचे होते. सोनाराकडे नमुनासुद्धा बघून आले होते. दीर उंबऱ्यात येऊन बसला.

"वहिनी, वर्षात फेडतो. आणि रिक्षाच्या मागे तुम्हालाच बसवतो, बघा. मोठ्या अक्षरात, वहिनीची कृपा!"

"म्हणजे मागचे गाडीवाले घाबरून लांब राहतील," माझा नवरा म्हणाला.

सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. पण ते मी मनात धरून ठेवलं. किती गाड्यांवर किती जणांची नावं लावली असतील मी. कोणाची आई, कोणाची मुलं, कोणाचे साहेब. मी कुठेच नव्हते. नाव नको, नुसतं वहिनी म्हटलं तरी ती मीच की.

रिक्षा आली. जावेच्या भावाने सीटकव्हर दिलं आणि गाणी ऐकायला एक स्पीकर. दुसऱ्या दिवशी दीर आणि जाऊ रिक्षा घेऊन दुकानात आले. मी पुसायचं फडकं घेऊन आधीच उभी होते.

"बोलो भाभी, क्या लिखना है?" सेठने विचारलं.

"माहेरची कृपा," जाऊ म्हणाली. "पिवळ्या रंगात. त्या काळ्या बंपरवर लावा, उठून दिसेल."

दीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तिची हौस आहे हो."

"असू दे," मी म्हटलं.

सीटकव्हरची कृपा. मनात हेच घोळत होतं. तरी लावलं मात्र मन लावून. रागात अंगठा उलट जास्तच जोर करत होता. शेवटी जावेला सांगितलं, "दोन दिवस पाणी लावू नकोस."

आठवड्यात जाऊ दिराला घेऊन परत आली. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. रिक्षाची निम्मी अक्षरं गळून पडली होती, उरलेली वाळलेल्या पानासारखी वळली होती.

"सेठ, हे काय काम आहे? ताईंनी मुद्दाम नीट लावलं नाही. जळतात माझ्यावर. माझ्या माहेरचं नाव यांना बघवत नाही."

माझी मान वर होईना. जळत होते हे खरंच होतं. आणि काम चोख केलं होतं हेही खरंच होतं. दोन्ही एकाच वेळी कसं सांगायचं मला सुचलं नाही. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती, की माझ्या हातचं अक्षर निघत नाही. ती चारचौघांत गेली.

सेठ उठून बंपरजवळ बसला. बोटाने घासलं, बोटाचा वास घेतला.

"ये तेल किसने लगाया?"

"मी लावलं," जाऊ म्हणाली. "दुसऱ्या दिवशी, पूजेच्या आधी. खोबरेल. नवी गाडी चमकायला नको? ताईंनी सांगितलं होतं पाणी लावायचं नाही. मी पाण्याचा थेंब लावला नाही."

दुकान हसायला लागलं. एक टेम्पोवाला म्हणाला, "भाभी, टायरची पण चंपी करायची ना!" तिने कपाळावर हात मारला आणि तीच सगळ्यात जास्त हसली. "अगं बाई! आणि मी आठ दिवस ताईंना शिव्या घालतेय." सेठने तिच्यासाठी थंडा मागवला. चूक तिची, आणि थंडाही तिलाच. माझ्या हातून असं झालं असतं तर हिशेबातून कापलं असतं. आणि मघाचं ते जळतात, ते तिने परत घेतलं नाही. हसण्यात ते गेलं असं सगळ्यांना वाटलं.

मी भांड्याच्या साबणाने बंपर घासायला बसले होते. सेठ मशीनकडे वळला. "नया काटना पडेगा. अभी क्या लिखूं?"

माझा ब्रश थांबला. आता तरी, असं वाटलं. सगळ्यांसमोर खोटी पडली आहे, आता तरी ती म्हणेल. निदान दीर म्हणेल. दिराने तोंड उघडलंसुद्धा.

"तेच," जाऊ म्हणाली. "फक्त जरा मोठं करा."

ते मोठं मी लावलं. दोनदा धुतलं, उन्हात सुकवलं, थिनरने पुसलं. अंगठ्याला फोड आला. ती खुर्चीत बसून थंडा पीत होती आणि सेठला तिच्या भावाच्या स्पीकरबद्दल सांगत होती.

पैसे वर्षात काही फिटले नाहीत. दीर कधी दोन हजार द्यायचा, कधी तीन. मी कधी मागितले नाहीत. रिक्षा जांभूळ गावच्या रस्त्याला लागताना दिसली की मी मनात म्हणायची, पुढचं चाक माझं आहे. वर काहीही लिहिलेलं असू दे. शेवटचे दोन हजार उरले तेव्हा दीर द्यायला आला. मी म्हटलं, "असू दे, मुलांना कपडे घ्या." पुढच्या महिन्यातही तेच. सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "थोरलीचं मन मोठं आहे." मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला.

यंदा दसऱ्याला दारात रिक्षा धुऊन उभी केली होती. झेंडूचा हार घातला होता. मी मागे जाऊन बघितलं. तीन पावसाळे झाले, पिवळी अक्षरं जशीच्या तशी होती. नख लावून बघितलं, कोपरा हलला नाही.

जाऊ पूजेचं ताट घेऊन आली. ताटात नोटा होत्या.

"ताई, घ्या."

"असू दे गं."

"नाही, असू दे नाही." तिचा आवाज वेगळाच होता. "तुम्ही असू दे म्हणता आणि इकडे रिक्षा आमची वाटत नाही. तुम्ही कशी बघता तिच्याकडे, मला काय दिसत नाही? घ्या. घेतल्याशिवाय मी नारळ फोडणार नाही."

दीर नारळ हातात घेऊन खाली बघत होता. मी हात पुढे केला. नोटांना कुंकू लागलं होतं.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजले. दोन हजार होते. तीस हजार पुरे झाले.