चिंचोका माझा होता

ही गोष्ट मी आजवर कुणापुढेही काढलेली नाही. बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही. त्याला ठाऊक असणार म्हणून तिथे विषयच टाळला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बरं वाटतं. थोडे जवळ सरका. आणि मी मध्येच भलतीकडे वळलो तर वळू द्या, कारण सरळ सांगायची हिंमत असती तर दहा वर्षं गप्प कशाला बसलो असतो?

मी माधवराव. तंजावरचा मराठी, म्हणजे माझे पूर्वज कधीतरी इकडे आले आणि परत जायचं विसरले. पापनाशमच्या एका भात गिरणीत मी हिशेबनीस आहे. सकाळची पॅसेंजर धरून जातो, संध्याकाळच्या बसनं येतो. आणि मी आमच्या संगमाचा सदस्य आहे. हे मी नावाच्या आधीच सांगतो एरवी.

संगम म्हणजे हिशेबनिसांची संघटना. दक्षिण वीथीवर एका छापखान्याच्या माडीवर एक खोली, दोन बाकं, एक पंखा. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक. हसू नका — त्या खोलीनं आम्हाला ताठ उभं केलं. तोवर हिशेबनीस म्हणजे मालकाचा माणूस. मालक म्हणेल ते लिहायचं. संगम आला आणि आम्ही म्हणू लागलो, आमच्या सदस्याला हे लिहिता येणार नाही, हवं तर संगमाला पत्र घाला. एकदा माझ्या मालकानं पावसात भिजलेला माल कोरडा दाखवायला सांगितला, तर मी संगमाचं नाव घेतलं. मालकानं वही मिटली आणि कॉफी मागवली. माझ्यासाठीसुद्धा!

त्यातच बाजार खुला झाला. गावात बाहेरच्या कंपन्या आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आले, आणि नवे साहेब विचारू लागले — हा माणूस खरं लिहितो याची हमी कोण देतं? हमी संगम देत असे. आमचं कामच ते. खरेपणाची हमी. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं, ते का, ते कळेलच.

सदस्य करून घ्यायची आमची पद्धत दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. आधी तोंडी परीक्षा. मग गुप्त मतदान. प्रत्येकाला एक लाल गुंज आणि एक चिंचोका मिळे. गुंज म्हणजे होकार, चिंचोका म्हणजे नकार. धोतराच्या जाड फडक्याखाली दोन पितळी भांडी. एकात मत टाकायचं, दुसऱ्यात उरलेलं बी. म्हणजे पहिल्यात दहा गुंजा निघाल्या तर दुसऱ्यात दहा चिंचोके निघालेच पाहिजेत. मतदानही दुहेरी नोंदीनं करणारी माणसं आम्ही! पहिल्या भांड्यात एक जरी चिंचोका आला तरी अर्ज वर्षभर पुढे. आणि आपण काय टाकलं ते कुणीही, कधीही बोलायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा. मी त्याच्याच आड लपलो.

आता तुळजाबद्दल. तुळजा माझी बायको. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ती वीणा बनवणाऱ्या एका कारागिराची वही लिहायची, घरूनच, दुपारी. आकड्यांचं तिला भय नव्हतं. भाजी निवडावी तशी ती बेरीज करायची. शहरात मोपेडचं नवं शोरूम उघडणार होतं. तिथल्या साहेबांनी तिचं अक्षर पाहिलं, काम पाहिलं आणि सांगितलं, संगमाचं सदस्यत्व आणा, आमच्या वह्या तुमच्या. खुर्ची, टेबल, दारावर नाव. तिनं अर्ज केला. पहिली बाई. नातेवाइकानं मत देऊ नये असा नियम नव्हता, कारण कुणाची बायको अर्ज करील हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

परीक्षेचं पान मी तयार केलं होतं. जमाखर्चाचं एक पान, त्यात मुद्दाम पेरलेली एक चूक. तुळजानं पान हातात घेतलं, नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, फरकाला नऊनं भाग जातो, म्हणजे कुणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेत — हे पाहा, इथं. बरोबर. सगळे माना डोलवायला लागले. ती थांबली नाही. खाली बोट ठेवून म्हणाली, "आणि ही दुसरी चूक."

दुसरी चूक मी पेरलेली नव्हती. ती माझी होती.

खोली हसली. चांगल्या मनानं हसली, मला माहीत आहे. नटेसन पिळ्ळै तर मांडीवर थाप मारून हसले. नटेसन पिळ्ळै म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, बस कंपनीचे हिशेबनीस, दिसायला फणसासारखे काटेरी. संगमाची परीक्षा आणि मतदानाची पद्धत बसवली त्यांनीच. ते मला म्हणाले, "रावजी, आता तुमच्या वीट्टात मोठे कणक्कुप्पिळ्ळै कोण?"

वीट्टात म्हणजे घरात, कणक्कुप्पिळ्ळै म्हणजे हिशेबनीस. थट्टाच होती ती. मीही हसलो. पण मला संगमानं तिसऱ्या खेपेला घेतलं होतं — सांगायचं राहिलंच, नाही का? दोन वर्षं मी त्या पायऱ्या मान खाली घालून उतरलो होतो. आणि ही पहिल्याच दिवशी, माझीच चूक काढून, हसतमुखानं आत येणार? तिला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. भांडी आली. फडकं आलं. माझा हात फडक्याखाली गेला. दोन्ही बिया चिमटीत होत्या.

मी पहिल्या भांड्यात चिंचोका टाकला.

झालं. सांगितलं. घाई नव्हती, अंधार नव्हता, कुणी दटावलं नव्हतं. कुठली बी कुठली ते बोटांना नीट कळत होतं.

मोजणी झाली. पहिल्यात दहा गुंजा, एक चिंचोका. दुसऱ्यात एक गुंज, दहा चिंचोके. ताळा चोख. अध्यक्षांनी दोनदा मोजलं आणि मग सगळ्या खोलीनं हळूच नटेसन पिळ्ळैंकडे पाहिलं. नुकतीच थट्टा त्यांनी केली होती ना? पिळ्ळैंनाही ते कळलं. त्यांचे कान लाल झाले. पण 'मी गुंज टाकली' असं म्हणणं नियमात बसत नव्हतं, आणि नियम त्यांचाच. ते गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. दोन गप्पांमध्ये किती फरक असतो, बघा.

शोरूम थांबलं नाही. तिथे कुंभकोणमचा एक तरुण लागला.

तुळजानं घरी येऊन चपला काढल्या, तोंड धुतलं आणि माझ्यापुढे येऊन बसली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "त्या पिळ्ळैंना बायकांनी आत यायला नको वाटतं. राहू दे. मला शिकवा. पुढल्या वर्षी परीक्षेला असं बसतें कीं चिंचोका टाकायला हात उचलणार नाही त्यांचा."

मी काय केलं असेल? शिकवलं.

आणि आता ऐका, खरी अडचण इथे आहे. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं आम्ही तांदूळ, पाहुणे आणि दुधवाला यांपलीकडे बोललो नव्हतो. आता संध्याकाळी मी बसमधून उतरून जवळजवळ धावत घरी यायचो. ती कॉफी फेसाळून ठेवायची आणि वही उघडून. मी शिकवायचो असं नुसतं नावाला. आठवड्यात एकदा तरी ती मला खिंडीत पकडायची आणि मी "थांब, थांब, विचार करू दे" म्हणत पेन्सिल चावत बसायचो. ती इतकी हसायची कीं शेजारची म्हातारी खिडकीत येऊन बघायची. रविवारी आम्ही तिरुवैयारुला जायचो, कावेरीच्या घाटावर. मांडीवर सरावाची पानं, मध्ये केळीच्या पानावर अशोका हलवा, तुपानं बोटं माखलेली, आणि कागदावर डाग पडला म्हणून भांडण. एकदा तिनं घसाऱ्याचं सगळं प्रकरण मला चालीवर म्हणून दाखवलं. घाटावर गाणं शिकायला आलेली दोन पोरं ताल धरायला लागली. मी तिच्या प्रेमात पडलो हो! स्वतःच्या बायकोच्या, चाळिशीला टेकल्यावर.

एका चिंचोक्यानं एवढं दिलं. मग चिंचोका बरा म्हणायचा का? नाही. तिचं दारावरचं नाव मी काढून घेतलं होतं, आणि सुख मी भोगत होतो. ते वर्ष मला मिळालं नव्हतं, मी ते तिच्याकडून उचललं होतं. आणि आजही कुणी विचारलं कीं ते परत देतोस का, तर मी लगेच हो म्हणेन असं वाटत नाही. हेही त्याच कबुलीत धरा.

पुढल्या वर्षी अकरा गुंजा निघाल्या. मी माझी अशी टाकली कीं भांडं वाजलं. संध्याकाळी गावभर पेढे वाटत फिरलो. तुळजाला साखर कारखान्याच्या कचेरीत काम मिळालं. चार वर्षांपूर्वी ती संगमाची चिटणीस झाली, आणि अशी चिटणीस कीं आता पन्नासच्या वर सदस्य आहेत, त्यात सोळा बायका. माडीवर संगणक आला तो तिच्यामुळे. मला तिचा अभिमान वाटतो, तो सगळीकडे सांगत फिरतो.

फक्त एक. नटेसन पिळ्ळैंना तिनं माफ केलं नाही. तोंडानं कधी वाईट बोलली नाही. पण कार्यकारिणीची यादी करताना त्यांचं नाव गळायचं. अध्यक्षपदासाठी दोनदा त्यांचं नाव निघालं, दोनदा ती म्हणाली, नव्या विचाराचा माणूस हवा. ज्यांनी परीक्षा बसवली त्यांना परीक्षेच्या मंडळावर घेतलं नाही. ते मागच्या बाकावर बसतात, इतिवृत्त ऐकतात, निघून जातात. मी तिच्या शेजारी बसलेला असतो. मी तेव्हा काय करतो? पंख्याकडे बघतो.

गेल्या आठवड्यात ते नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. सत्तरी उलटली आहे, हल्ली ओरत्तनाडूला राहतात, तिथून बसनं आले होते, घामानं डबडबलेले. तुळजानं फाटकातच पत्रिका घेतली. आत या म्हणाली नाही. पाणीही विचारलं नाही. ते म्हणाले, "नक्की या, अम्मा," आणि रस्ता ओलांडून गेले. माझ्या हातात कॉफीचा पेला होता. मी तो पूर्ण प्यायलो.

त्या दिवशी लिहायला बसलो. आणि बघा, भित्रेपणा माणसाला कसा चिकटून राहतो. मी हे मराठी अक्षरात लिहिलं. वडिलांनी हट्टानं शिकवलं म्हणून मला येतं. तुळजा घरी मराठी बोलते, पण लिहिते-वाचते तमिळ. या घरात हा कागद उघडा पडला असता तरी मी सुरक्षित होतो. याला कबुली म्हणतात का?

म्हणून इथवरचं सगळं काल मी तिला वाचून दाखवलं. चिंचोका ऐकूनसुद्धा हलव्याच्या जागी ती हसली. मग हसू थांबलं, कारण पिळ्ळैंची पानं उरली होती. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"मग पिळ्ळै सरांची गुंज होती?"

"हो."

तिनं चपला घातल्या आणि बाहेर पडली. कुठे ते सांगितलं नाही, पण रिक्षावाल्याला ओरत्तनाडूची बस कुठे लागते ते विचारलेलं मी ऐकलं. तिन्हीसांजेला परत आली. डोळे सुजलेले होते.  टेबलाशी बसून तिनं रविवारच्या बैठकीची नोटीस लिहून काढली. विषय पहिला, इतिवृत्त वाचण्याच्याही आधी: सदस्य माधवराव यांचे निवेदन. विषय दुसरा: परीक्षा मंडळाचे प्रमुख म्हणून नटेसन पिळ्ळै यांची निवड.

नोटिसा घरोघर पोचवायचं काम माझ्याकडे असतं. आज सकाळी पहिली मी पिळ्ळैंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मला ओट्यावर बसायला सांगितलं, आणि मिळाल्याची सही करायला माझ्याकडे वही मागितली.