निखारे ठेवायचं झाकण

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात सना. चुका तिच्या, शहाणपण माझं.

आज दुपारी ती मला इथल्या, दोह्यातल्या, क्रोएशियन लोकांच्या सांस्कृतिक केंद्रात घेऊन गेली. अंगणात माझ्याच वयाची एक बाई मटणाच्या भांड्यावर लोखंडी झाकण ठेवून त्यावर निखारे रचत होती. मी बघतच राहिले! खाली विस्तव, वर विस्तव. आमचं कोंबडीचं भानोळं अगदी असंच भाजतात. भोवती तिची नातवंडं त्यांच्याच भाषेत भांडत होती.

साठच्या दशकात मी रत्नागिरीहून नवी नवरी म्हणून इथे आले, तेव्हा इथल्या मुशैरिब मोहल्ल्यात आम्हा कोकणी लोकांचीही जमायची एक खोली होती. दर शुक्रवारी मी तिथे भानोळं भाजायची आणि माहेर जरा जवळ यायचं. पुढे खोली पाडली, जमणंही खलास.

त्या बाईने हसून चिमटा माझ्या हातात दिला. अल्ला, हाताला सगळं आठवत होतं!

परतताना, एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी सना चक्क मराठीत म्हणाली, "दादी, आपली अशी जागा कुठे आहे?"

घरी पोहोचताच मी तिला हे टाइप करायला बसवलं.

माझं झाकण अजून माळ्यावर आहे. येत्या शुक्रवारी भानोळं मी भाजते. अंगण कोण देतंय?