दहा तासांचं सूप

आमच्या भोकरच्या साडूभाऊंइतका, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या यजमानांइतका, उतावळा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. बस थांबायच्या आत ते उतरतात, आणि चहा निवायच्या आत पिऊन जीभ भाजली की चहावाल्यावरच तापतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं अर्धी व्हायच्या आत त्यांनी मूठभर अक्षता उधळून टाकल्या होत्या आणि "कशाची वाट बघून राहिले आता?" असं वर भटजींनाच विचारलं होतं. अशा माणसानं मागच्या उन्हाळ्यात स्लो कुकर, म्हणजे दहा तास शिजवत बसणारं विजेचं भांडं, विकत आणलं. हे कानावर आल्यावर मी आणि बायको नांदेडहून मुद्दाम बघायला गेलो.

कारण होतं त्यांची लेक. ती पुण्यात नोकरी करते, आणि तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलेलं, व्हीगन झालेली. दारात दोन म्हशी असलेल्या बापाला हे पचावं कसं? त्याआधीच्या दिवाळीत ते तिला, नेहमीप्रमाणे विचार करायच्या आधीच, बोलून गेले, "तूप सोडलंस म्हंजे बापाला सोडलंस!" पोरगी भरल्या ताटावरून उठली ती सहा महिने फिरकली नाही. आता ती यायची होती. फ्रेंच कांद्याचं सूप फार आवडतं, असं फोनवर आईशी बोलताना तिच्या तोंडून निघालं होतं, आणि साडूभाऊंना तेवढं पुरलं. लेक आपल्या घरात पोटभर जेवली पाहिजे, बस्स!

सकाळी सहालाच त्यांनी दोन किलो कांदा एकट्यानं उभा चिरला, तेल-मीठ लावून भांड्यात भरला, बटण दाबलं, आणि दहाव्या मिनिटाला हात झाकणाकडे. "अहो, वाफ जाती की सगळी!" मेव्हणी ओरडली. मग ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. अकराला लाइट गेली. रस्त्यापलीकडे होती. झालं! गरम भांडं गोधडीत गुंडाळून, उराशी धरून साडूभाऊ समोरच्या रशीदभाई टेलरच्या दुकानात शिरले. रशीदभाईंनी बिचाऱ्यांनी आपल्या मशीनचा प्लग काढून जागा करून दिली. "खुशबू तो जबरदस्त है, काका," म्हणत त्यांनी भांड्याकडे हात नेला मात्र, साडूभाऊ कडाडले, "रशीदभाई, झाकन उघडलं तर दोस्ती खतम!" चार तास ते तिथं स्टुलावर बसून होते, आणि ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांनासुद्धा "लेक येऊन राहिली माझी" हे सांगत होते.

लेक आली तेव्हा कांदा काकवीच्या रंगाला आला होता. वर कडक भाकरीचा तुकडा, त्यावर चीजच्या जागी लिंबू पिळलेलं काजूचं वाटण. साडूभाऊ स्वतः वाढायला उठले. तुपाशिवाय पाहुण्याला वाढणं त्यांच्या रक्तातच नाही, म्हणून आमच्या वाट्यांत तुपाची धार सोडत सोडत ते पुढं सरकले. लेकीनं चमचा तोंडाजवळ नेला आणि ते एकदम ओरडले, "थांब! खाऊ नको!" आम्ही सगळे दचकलो. "तूप पडलं माझ्या हातून, सवयीनं. कुनी बघितलं न्हाई, पन पडलं."

मेव्हणीनं पदर तोंडाशी धरला. पोरगी पुन्हा उठते की काय! लेकीनं चमचा वाटीत परत ठेवला. मग तिनं ती बापापुढं सरकवली. "ही तुम्ही खा, बाबा. मला दुसरी द्या." आणि तीन वाट्या सूप प्यायली पोरगी! साडूभाऊ आपली वाटी हातात तशीच धरून तिच्याकडे बघत होते.

त्यानंतर ती तीनदा येऊन गेली. लहानपणापासून तिच्या पहिल्या घासावर तूप घालायचं ते बापानंच, आईला तो मान कधी मिळाला नाही. आता वाढताना तिच्यापाशी आले की साडूभाऊ तुपाची वाटी पाठीमागं धरतात, क्षणभर उभे राहतात आणि पुढं जातात. त्यांचं तेवढं एक सुख गेलं. ते त्यांनी आपल्या हातानं सोडलं याचं मला फार कौतुक वाटतं, आणि दर वेळी थोडं वाईटही वाटतं.